साचेकाम पदविकेचा वर्ग

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय. तेही भरदुपारी.

मावशी सरकारी तंत्रविद्यापीठात जुनी कागदपत्रं सांभाळायची. स्वभावाने महासंशयी. चहात साखर कमी पडली तरी कुणीतरी मुद्दाम केलं म्हणणारी!

विद्यापीठाला पन्नास वर्षं होणार होती. कुलसचिवांनी तिला इतिहास लिहायला बसवलं. कोणता अभ्यासक्रम कधी निघाला, कधी संपला.

लोखंडी साचे घडवायला शिकवणाऱ्या साचेकाम पदविकेपुढे तिने लिहिलं, 'बंद', आणि वही कपाटात कुलपात ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो शब्द खोडलेला...

मावशीने कचेरीतल्या टंकलेखकाला धरलं. "हे तुमचेच उद्योग ना?"

"मॅडम, कपाटाची किल्ली तर तुमच्या पर्समध्ये असते!"

तिने पुन्हा लिहिलं. कपाटाच्या दारावर कागदाची पट्टी चिकटवली.

सकाळी पट्टी जशीच्या तशी.

शब्द खोडलेला...

कुणाला तरी हे लपवायचंय, मावशीच्या मनात पक्कं बसलं. त्यात त्या वर्गाची जुनी कार्यशाळा पाडून नवी प्रयोगशाळा व्हायची होती. 'खोली वापरात नाही' या दाखल्यावर सही तिलाच करायची होती. न बघता ती कसली सही करतेय!

शनिवारी तीन वाजता ती भांडारपालांना घेऊन तिथे गेली.

दाराबाहेरच पाय थबकले.

खर्र... खर्र...

लोखंडावर कानस घासल्याचा आवाज. एक नाही, बऱ्याच कानशी.

"आत काम चालू आहे?"

भांडारपालांचा चेहरा उतरला. "मॅडम, हे कुलूप मी नोकरीला लागल्यापासून उघडलेलं नाही."

तेल घालून कसंबसं कुलूप निघालं.

दार उघडलं... आणि आवाज थांबला. सगळा एकदम.

आत कुणी नाही. जमिनीवर बोटभर धूळ, त्यावर एक पाऊल नाही.

टेबलावर मात्र लोखंडाचा ताजा कीस.

तिने हात लावला... गरम!

मागे चोरदरवाजा असणार. तिने भिंती ठोकून पाहिल्या. दार नव्हतं. खिडक्या विटांनी बुजवलेल्या.

ती परत फिरली, तेवढ्यात पाठीमागे स्टुलं सरकली. सगळी एकाच वेळी. शिक्षक वर्गात आले की मुलं उठतात ना, तशी.

खोलीत एकही स्टूल नव्हतं.

तिने वळून पाहिलं नाही. तोंडातून कसंबसं निघालं, "बसा..."

स्टुलं पुन्हा सरकली.

संध्याकाळी तिने त्या वर्गाला शिकवणाऱ्या निवृत्त सरांचं घर गाठलं. सर म्हणाले,

"तंत्रनिकेतनाचं विद्यापीठ झालं, तेव्हा ती पदविका वर्षाच्या मध्येच काढून टाकली. मुलांना सांगितलं, परीक्षेची तारीख कळवू. कुणी कळवलीच नाही."

"मग ती मुलं गेली कुठे?"

"गेली असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

मावशीने सही केली नाही. हातची बढती गेली. सही दुसऱ्याने केली, प्रयोगशाळा उभी राहिली.

मागच्या महिन्यात त्या प्रयोगशाळेत शिकवणाऱ्या तरुण प्राध्यापिका मावशीकडे आल्या. आधी दार लावलं.

"मॅडम, एक विचारू? हसू नका. हजेरी घेते, यादी संपते... त्यानंतरही 'हजर' कोण म्हणतं?"

मला मावशीने एवढंच सांगितलं, आणि उठून दाराची कडी नीट लागलीय का ते पाहून आली.