चौथ्या दालनाची वाट

मेळा सुधारला होता यात वादच नव्हता, आणि गौतमीला नेमकं तेच सहन होत नव्हतं.

पाच वर्षांपूर्वी ती नाशिकच्या या ॲनिमे-मेळ्याला आली होती, तेव्हा काय दशा होती! एसी बंद, बायकांना वेश बदलायला एकच खोली, रामेन नूडल्सच्या रांगेत हमरीतुमरी. उकाड्याने ग्लू सुटून कुणाचं शिंग तर कुणाचा अख्खा खांदा गळून पडत होता. आणि आता? रांग कुठे नाहीच. जमिनीत बसवलेले पांढरे वाटदिवे पावलांपुढे उजळत जातात, त्यांच्यामागे चालत राहायचं. भूक लागायच्या आत उपाहारगृह समोर येतं. राक्षस, सामुराई, मांजरकानाच्या मुली, सगळे कसे शहाण्यासारखे चालले होते. कुणाचा कुणाला धक्का नाही, ओरडा नाही. लग्नाच्या पंगतीतही इतकी शिस्त नसते!

पण गौतमी मेळा बघायला आलीच नव्हती. ती रेवतीला गाठायला आली होती.

त्या वर्षी दोघींनी मिळून दोन माणसांनी घालायचा फोमचा ड्रॅगन केला होता. सांगाडा आणि पंख गौतमीचे, डोकं आणि खवले रेवतीचे. स्पर्धेत पहिला नंबर आला. या मेळ्याचा रिवाज असा, की मंचावर बक्षीस घेताना आधी सोबतच्या कारागिराचं नाव घ्यायचं. रेवतीने माईक घेतला, आईबाबांचे आभार मानले, कॉलेजचे मानले, चहावाल्याचेसुद्धा मानले. गौतमीचं नाव काही घेतलं नाही. ड्रॅगनच्या शेपटीत कमरेत वाकून उभी असलेली गौतमी वाट बघत राहिली. त्यानंतर तिने फोमला हात लावला नाही. रेवतीला मात्र आता इथे कार्यशाळा घ्यायला बोलावत होते. चौथ्या दालनात. भिंतीभिंतीवर तिचं नाव होतं आणि ते दिसलं की गौतमीच्या छातीत धडधडायला लागायचं. आज विचारायचंच, तोंडावर विचारायचं, की माझं नाव का गिळलंस?

पण चौथं दालन काही येईना. ती त्या दिशेला वळली की वाटदिवे पिवळे व्हायचे आणि बाण दुसरीकडे दाखवायचे. बाण झुगारून ती पुढे गेली तर काचेचं दार समोर मिटलं. दुसऱ्या बाजूने गेली, तिथेही तेच. तिसऱ्यांदा दार मिटलं तेव्हा तिने असा काही आवाज चढवला, की स्वयंसेवक तिला थेट नियंत्रण कक्षातच घेऊन गेला.

तिथे श्रीरंग दाबके बसले होते. वय पन्नाशीचं, अंगात रोबोचं चित्र असलेला टीशर्ट. ही सगळी यंत्रणा त्यांनीच उभारली होती.

"बसा हो, पाणी घ्या," ते म्हणाले. "तीन वर्षांत माझ्याकडे आलेली पहिली तक्रार तुमची. मला तर आनंदच झालाय!"

"मला चौथ्या दालनात रेवतीला भेटायला जायचंय. तुमची दारं मला आत का सोडत नाहीत?"

"आमचा गर्दीसारथी सोडत नाही. मनगटावर पट्टी बांधलीत ना दारात? ती नाडीचे ठोके मोजते, तळव्याचा घाम मोजते. त्यातून निघतो तुमचा क्षोभांक. आता बघा, गर्दीत भांडण कशाने होतं? जागा कमी पडते म्हणून नाही. नको ती दोन माणसं समोरासमोर येतात म्हणून. तेव्हा सारथी आधीच हिशेब करतो, की ही दोघं भेटली तर क्षोभांक चढेल का? जोडीतल्या एकाचा जरी चढणार असला, तरी वाट वळते. संपलं! तीन वर्षांत मेळ्यात एक भांडण नाही."

"आणि समेट?"

"म्हणजे?"

"समेट किती झाले?"

दाबके जरा गोंधळले. "ते काही आपण मोजत नाही. आता माझी बायकोच घ्या, दरवर्षी येते मेळ्याला. तीन वर्षांत आमची इथे गाठ पडलेली नाही. गर्दीच एवढी असते!"

गौतमीला हसू येणार होतं, पण तिच्या डोक्यात वेगळाच प्रकाश पडला होता. म्हणजे रेवती अजून आपल्याला घाबरते! पाच वर्षं झाली तरी आपण समोर आलो तर तिची नाडी उडते. जळतंय तर तिलाही. गौतमीला फार बरं वाटलं. इतकं बरं, की तिची तिलाच लाज वाटली.

"दार कुणामुळे मिटलं, ते दिसतं का तुम्हाला?"

"छे! तो ज्याचा त्याचा खासगी मामला."

"पट्टी काढली तर?"

"तर तुम्ही सारथीच्या लेखी नाहीच. दार उघडेल. पण नियमात बसत नाही हो ते." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून ते विरघळले. "जा, थोडाच वेळ. मागून पोरगा पट्टी घेऊन येईल, ती मात्र बांधायची. आणि समोरच्या बाईंच्या पायाखालचे दिवे पिवळे झाले तर लगेच मागे फिरा."

चौथ्या दालनाचं दार मुकाट्याने उघडलं. रेवती शिकाऊ पोरींच्या घोळक्यात टेबलाशी उभी राहून गरम हवेच्या हीटगनने फोमची शीट वाकवत होती. तिने मान वर केली.

"गौतमी? अगं बाई! होतीस कुठे इतकी वर्षं?"

गौतमीने आधी तिच्या पायाखाली पाहिलं. दिवे पांढरे होते.

"माझं नाव का घेतलं नाहीस?" पाच वर्षं घोकलेलं वाक्य एका दमात बाहेर पडलं.

रेवतीने हीटगन बाजूला ठेवली. "राहिलं गं. माईक हातात आल्यावर डोकं रिकामं झालं. चुकलंच माझं. दुसऱ्या दिवशी तेच सांगायला आले होते तुझ्या घरी. काकू म्हणाल्या, ती नाहीये. तू खिडकीत दिसत होतीस."

दिवे पांढरेच.

"मग?"

"मग काय? वर्षभर खूप वाईट वाटलं. नंतर वाटेनासं झालं. माणूस किती दिवस वाईट वाटून घेणार?" ती हे अगदी मायेने बोलली, आणि तिच्या पायाखालचा एक दिवासुद्धा लुकलुकला नाही.

गौतमीने पुन्हा एकदा त्या दिव्यांकडे पाहिलं. हिची नाडी उडत नव्हती. कधीच उडत नव्हती. मग तीन वेळा दार मिटलं ते कुणामुळे?

तेवढ्यात स्वयंसेवक पट्टी घेऊन आला. "मॅडम, ही बांधल्याशिवाय इथे थांबता येत नाही."

तिने हात पुढे केला. पट्टी मनगटावर बसली मात्र, गौतमीच्या पायाखालची जमीन पिवळीधमक झाली. बाण दाराकडे दाखवू लागले.

रेवती त्या दिव्यांकडे बघत राहिली. मेळ्यातल्या जुन्या माणसाला त्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

"अजून?" तिने हळूच विचारलं. "गौतमी, अजून?"

गौतमीला रडू फुटलं, चारचौघांत, पोरीसोरींसमोर. आणि आता रेवतीच्या पायाखालचे दिवे थरथरले. एक पिवळा झाला, मग दुसरा, मग सगळेच. तिचे बाण उलट बाजूच्या दाराकडे वळले.

हेच बघायला गौतमी आली होती. आता ते दिसत होतं आणि तिला ते मुळीच नको होतं.

"मॅडम, प्लीज," स्वयंसेवक घाबरून म्हणाला, "दोघींनी आपापल्या बाणाने जा ना."

"तू जा रे," रेवती म्हणाली. तिने टेबलाला वळसा घातला आणि गौतमीचा हात घट्ट धरला. बाण जोरात लुकलुकू लागले, दोन्हीकडची दारं उघडून वाट बघत राहिली, पण दोघी जागच्या हलल्या नाहीत.