दक्षिणेची भिंत

"जुना पूल झाला, दगडी गिरणी झाली. हे चर्च पाहिलं की नदीत पोहायचं! प्रॉमिस ना, बाबा?" जुईने गाडीतून उडीच मारली.

"आधी देवाला नमस्कार, मग टॉग्ज घालून पोहणं!" बाबा हसले.

जानेवारीच्या उन्हाळी सुट्टीत ते शहरातल्या फ्लॅट बुश उपनगरातून या खेड्यात आले होते. दीडशे वर्षांचं ते लाकडी चर्च सांभाळणाऱ्या हुइया आंटी दारातच उभ्या होत्या. "किआ ओरा! नमस्कार, या. माझ्या आजीचं लग्न इथेच लागलं होतं."

बाबा बाहेर फोटो काढत राहिले. जुईने आणि तिच्या मोठ्या भावाने, सुयशने, सवयीने पायातल्या जॅण्डल्स चपला दाराशी काढल्या. आत घंटेची दोरी लोंबत होती. जुईचा हात लगेच वर गेला.

"ए बावळट, देऊळ आहे का हे?" सुयशने तिला मागे ओढलं.

तोंड फुगवून जुई भिंतीकडे गेली आणि एकदम थबकली. "दादा, इथली जमीन गरम आहे!"

सुयशने पाऊल टेकवलं. खरंच!

"अगं, दक्षिणेची भिंत ना? भर दुपारी तापणारच," बाबा दारातून म्हणाले.

"बाबा, हे पुणे नाही, दक्षिण गोलार्ध आहे!" सुयश ओरडला. "इथे सूर्य उत्तरेकडून जातो. दुपारी त्या भिंतीवर ऊन येईलच कसं?"

दाराबाहेरच चर्चचा रंगारी व्हॅनमध्ये निवांत 'पाय' ही खिम्याची पेस्ट्री खात बसला होता. "सकाळी हीट गनने जुना रंग काढला, म्हणून कोमट असेल," तो म्हणाला. "स्वीट ॲज, काही काळजी नाही!"

"स्वीट ॲज काय? धूर येतोय!" जुई आतून ओरडली. भिंतीच्या फटीतून धुराची बारीक रेघ वर चढत होती.

हुइया आंटींचा चेहरा उतरला. फोनला रेंज नव्हती.

"जुई, दोरी!" सुयशच किंचाळला.

ठण्! ठण्! ठण्! शेताशेतांतून माणसं धावली, गावातल्या स्वयंसेवकांचा बंबही आला. फळी उचकटली तर आत लाल निखारे! पाण्याचा फवारा बसला, चर्रर्र झालं आणि सगळ्यांनी श्वास सोडला.

"अजून थोडा उशीर झाला असता, तर राखच उरली असती," बंबवाले काका म्हणाले. रंगाऱ्याने मान खाली घातली.

"मी इंजिनिअर, आणि सूर्य मुलांनी शिकवला!" बाबांनी दोघांना जवळ घेतलं.

"तुम्ही अनवाणी होतात म्हणून कळलं. मराएमध्ये, आमच्या सभागृहात, आम्हीही बूट बाहेर काढतो. इथे मात्र कधी सुचलं नाही," हुइया आंटी डोळे पुसत म्हणाल्या. त्यांनी आपले बूट दाराशी ठेवले आणि दोरी जुईच्या हातात दिली. "घाबरून वाजवलीस ना मघाशी? आता आनंदाने वाजव."

जुईच्या आधी सुयशनेच दोरी ओढली!