चौथं नाव

भिलाईतल्या सेक्टर सहाच्या एका क्वार्टरमध्ये रविवारी सकाळपासून तीनदा चहा झाला, तरी मुक्कामाचं ठिकाण काही ठरेना. साल त्र्याऐंशीचं, जुलै महिना. अरुणकुमार कारखान्यात रेल मिलच्या ऑफिसात हेडक्लार्क. बारा वर्षांच्या संसारात सुट्टी म्हणजे नागपूर, आणि नागपूर म्हणजे कुणाचं तरी लग्न, नाहीतर तेरवी. यंदा मात्र कमलिनीनं पदर खोचून सांगितलं होतं, भर पावसात बस्तरचं जंगल बघायचंच. ऑफिसातल्या भाऊरावांनी जंगल खात्याच्या तीन विश्रामगृहांची नावं कागदावर लिहून दिली होती.

नऊ वर्षांची जया त्या कागदावर पालथी पडली होती. "बाबा, कोसापानीच! मागं धबधबा हाय म्हणत होते काका. खिडकीतून जंगल दिसते. और कहीं नहीं जाना!"

"तिन्हीकडं अर्ज करतो. जिथं जागा भेटली तिथं जाऊ," अरुणकुमार म्हणाले.

कमलिनीचा जीवही कोसापानीतच अडकला होता, पण तिला एक खटकत होतं. "आपण तिघंच जाऊन राहिलो. तीन तिघाडा, काम बिघाडा."

"मग घे न संग एक दगड. तुझी आई घेते तसा." अरुणकुमार हसले. तिघांनी निघायची वेळ आली की चौथा म्हणून एखादा खडा पिशवीत टाकायचा, ही कमलिनीच्या माहेरची रीत. आता एवढ्यावर थांबावं की नाही? पण हा माणूस पडला कारखान्यातला. गेटपासवर नोंद नसेल तर साधी पिशवीसुद्धा आतबाहेर होत नाही, हे त्याच्या रक्तात मुरलेलं. "घेतला तर मग त्याचीबी नोंद पाहिजे," म्हणत त्यांनी थट्टेथट्टेत तिन्ही अर्जांवर लिहिलं, एकूण व्यक्ती चार. नावं मात्र तीनच टाकली.

जया धावत जाऊन दप्तरातून दगड घेऊन आली. पांढरा, गुळगुळीत, मुठीत मावेल एवढा. "हा घ्या चौथा! शिवनाथ नदीवर पिकनिकले गेलो होतो न, तिथं भेटला. चिंचेखाली मातीत रुतला होता."

अरुणकुमारांचा पेन थांबला. त्यांनी दगडाकडे पाहिलं, मग कमलिनीकडे, आणि घाईनं मान खाली घालून ते पत्ता लिहू लागले.

कमलिनीनं त्यांची ती नजर ओळखली. जयाच्या आधी दोन वर्षं तिला एक मुलगी झाली होती. दहा दिवसांची होऊन गेली, बारशाआधीच. पुरुष मंडळी तिला घेऊन शिवनाथच्या काठावर गेली होती. बायकांना तिथं नेत नाहीत. नेमकं कुठं ठेवलं ते नवऱ्यानं सांगितलं नव्हतं आणि तिनंही विचारलं नव्हतं. आज न विचारताच तिला कळलं.

दगड परत टाक म्हणायला हवं होतं. ती म्हणाली नाही. उलट धुऊन, पुसून तिनं तो आपल्या हातानं बॅगेत ठेवला.

पुढचे दिवस नुसती धमाल होती. कमलिनीनं शंकरपाळे केले, छत्र्यांच्या काड्या नीट केल्या, जयासाठी निळ्या फुलांचा फ्रॉक शिवला. वाढत्या अंगाचा म्हणून चांगला दोन वर्षं पुरेल असा. तो जयाच्या गुडघ्याखाली चार बोटं लोंबत होता. "हे काय व आई, पोतं! बोरा है बोरा!" म्हणत ती फ्रॉक उचलून घरभर नाचली.

दोन विश्रामगृहांचा नकार आला. एकाचं छत गळत होतं, दुसऱ्याचा रस्ता वाहून गेला होता. आणि एका दुपारी कोसापानीचं पोस्टकार्ड आलं. चौकीदारानं हिंदीत, मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, आपली जागा पक्की. चार पलंग लावले आहेत. खाली नावं होती. श्री अरुणकुमार, श्रीमती कमलिनी, कुमारी जया, कुमारी तारा.

"ही तारा कोण?" अरुणकुमार म्हणाले. "दुसऱ्या कोणाच्या अर्जातलं नाव टाकलं वाटते यानं."

कमलिनीनं दाराची चौकट धरली. तारा... हे नाव तिनं त्या दहा दिवसांच्या जिवासाठी मनात ठरवलं होतं. बारशाला कानात सांगायचं म्हणून कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. खरं तर तिला भीती वाटायला हवी होती. वाटला तो आनंद. असा आनंद, की त्या संध्याकाळी तिच्या पोळ्या करपल्या आणि तिला वासही आला नाही.

पंधरा ऑगस्टला जोडून ते निघाले. केशकालचा घाट ढगात बुडाला होता, बसच्या खिडक्यांतून पाणी आत येत होतं, आणि जया आनंदानं किंचाळत होती. दुपारी चारला कोसापानीच्या फाट्यावर उतरले तेव्हा साल वृक्षांखाली संध्याकाळ झाल्यासारखं वाटत होतं. ओल्या मातीचा, कुजल्या पानांचा दाट वास. मागं कुठंतरी धबधब्याचा एकसुरी आवाज.

चौकीदार केवलराम ओसरीवर उभा होता. ट्रेमध्ये तीन कप चहा आणि एक ग्लास दूध.

"अरे वा, हिला दूध लागते हे कसं समजलं?" अरुणकुमारांनी ग्लास जयापुढे केला.

"नहीं साहब... ये छोटी दीदी की चाय है," केवलराम हळूच म्हणाला. "दूध बड़ी दीदी का है."

अरुणकुमार हसले. त्यांना वाटलं, म्हातारा चार माणसांचं गणित चुकला. कमलिनी हसली नाही.

खोलीत चार पलंग होते. तीन पलंगांच्या मच्छरदाण्या वर गुंडाळलेल्या. खिडकीजवळच्या पलंगाची मात्र खाली सोडलेली होती, आणि तिच्या कडा चारी बाजूंनी गादीखाली नीट खोचलेल्या... आतून.

जयानं एक कोपरा उचलून दगड उशीवर ठेवला. "झोप रे चौथ्या," म्हणाली आणि धबधबा बघायला पळाली. कमलिनीनं दगडाशेजारी दोन शंकरपाळे ठेवले. दोन दिवस ती असंच काही ना काही ठेवत राहिली, आणि ते संपत राहिलं. मुंग्या असतील, असं ती नवऱ्यानं न विचारताच त्याला सांगायची. इतकी खूश ती बारा वर्षांत झाली नव्हती.

निघायच्या सकाळी अरुणकुमार सामान घेऊन फाट्यावर पुढे गेले. जया शेवटचं एकदा पाणी बघून येते म्हणून मागच्या दारानं गेली होती. खोलीत कमलिनी एकटीच. मच्छरदाणीला तोंड लावून तिनं अकरा वर्षं गिळलेलं नाव उच्चारलं.

"तारा... चल न व माय, घरी."

एवढंच. पाऊस थांबला होता. धबधब्याचा आवाजही क्षणभर बंद पडल्यासारखा वाटला.

"आले," मागच्या दारातून उत्तर आलं.

निळ्या फ्रॉकमध्ये मुलगी उभी होती, केस ओले, चेहरा जयाचाच. बसचा हॉर्न वाजला. कमलिनीनं तिचा हात धरला आणि दोघी धावत सुटल्या.

घाट उतरल्यावर तिला आठवण झाली. "दगड कुठं हाय व?"

"ठेवला तिथंच. आता काय करायचा?" मुलगी खिडकीबाहेर बघत म्हणाली.

कमलिनीची नजर खाली गेली. फ्रॉक गुडघ्याबरोबर होता. अंगात कसा मापात बसला होता. सुती कापड, दोन दिवस भिजलं, आकसलं असेल, असं तिनं स्वतःला बजावलं. भिलाईपर्यंत बजावत राहिली.

आठव्या दिवशी पोस्टकार्ड आलं. तेच मोठं अक्षर. साहेब, रजिस्टरमध्ये आपले चौघे आले, तिघे गेले. कुमारी जया अजून इथंच आहेत. खिडकीजवळच्या पलंगावरून उठत नाहीत, जेवत नाहीत, रोज विचारतात आई कधी येणार. न्यायला कधी येता, कळवावे.

कमलिनीनं कार्ड पुन्हा एकदा वाचलं. अहो, अशी हाक मारायला तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात मागून एक गार हात पुढे आला, तिच्या बोटांतून कार्ड अलगद काढून घेतलं आणि शेगडीतल्या निखाऱ्यावर ठेवलं.

"आई," मुलगी तिला बिलगत म्हणाली, "आपण तिघंच बरे. हो न व?"