चार वाजताचा भोंगा

ही गोष्ट मलाच का सांगायला लावता, कळत नाही. ज्यानं सांगायला पाहिजे तो तोंड लपवून बसलाय. आता लावलीच आहे तर ऐका, मधे बोलू नका.

मूल शहराच्या पुढं, जंगलाला लागून भैयाजीचं गाव. शिवारात वाघ दिसला की ग्रामपंचायतीवरचा भोंगा गावाला सावध करायचा. त्यातला आवाज भैयाजीच्या बायकोचा, कमळाचा. ‘वाघ आला... घरात चला बाप्पा...’ दोन सालाखाली कमळा तापानं गेली. आवाज राहिला. भोंगा तपासायला रोज चार वाजता तो वाजवत, आणि भैयाजी खाली पारावर येऊन बसे. तिचा धड फोटोही नव्हता. होतं ते एवढंच.

त्या दिवशी भोंग्यातून भलतीच बाई बोलली. भैयाजी तणतणत आत गेला. कंप्युटरवाला निकेश, सहा महिन्यांखाली वरोऱ्याहून आलेला, मान वर न करता म्हणाला, “जुना कंटेनर, मंजे भोंग्याच्या प्रोग्रामचा डबा, काढून नवा टाकला, भाऊ. आवाज त्याच्या आतच होता. बाहेर व्हॉल्यूम, मंजे साठवायची वेगळी जागा, जोडून त्यात ठेवाले पायजे होता. राह्यलं.”

“मंजे मांडव मोडला, अन् आतली भांडी घरात न्यायची राह्यली?”

“तसंच समजा.”

“तुह्या बापाची भांडी होती काय बे?”

निकेशनं व्हॉल्यूम जोडून, उघडून दाखवलं. रिकामं. तेवढ्यात वर भोंगा खरखरला.

‘वाघ आला... घरात चला बाप्पा...’

कमळाच.

“मोबाइलमंदी चोरून ठेवला अन् माही गंमत करून राह्यले,” निकेश भडकला. “चोर आहा तुमी, भाऊ.”

भैयाजीनं खिसे उलटे केले. चुन्याची डबी पडली, दुसरं काही नाही. निकेशनं कंटेनर पुसला, पुन्हा नवा केला. आवाज आला. पुन्हा पुसला. पुन्हा आला, आणि या खेपेला जरा जवळून. शेवटी त्यानं भोंग्याची वायरच उपटली आणि हातात धरून उभा राहिला.

महिना पौष, मोह फुलायला अजून वेळ, आणि खोलीत मोहफुलांचा वास सुटला.

‘निकेश... मांगं पाहू नको...’

कमळा जिवंत असताना हा पोरगा गावात आलाच नव्हता. त्याचं नाव तिला सांगितलं कोणी?

निकेशनं मागं पाहिलं.

तसाच अनवाणी गाडीवर बसून तो वरोऱ्याला पळाला. वायर अजून उपटलेलीच आहे. चार वाजता भोंगा बोलतोच. भैयाजी आता पारावर जात नाही. दार लावून, भिंतीला पाठ टेकवून ऐकतो. मागं काय होतं ते पोरगा कोणाला सांगत नाही. आणि म्हाताऱ्याला चोर म्हटलं, त्याची माफीही त्यानं अजून मागितलेली नाही, त्या निकेशनं.