न लावलेलं गोदाम

मे महिन्याच्या सुट्टीतल्या दुसऱ्या आठवड्यात उन्मेषने शेवटचा रूळ ठोकला आणि छोटं इंजिन मालगाडीच्या तीन वाघिणी ढकलत वळणावरून अलगद गेलं. श्रेयाने टाळ्या वाजवल्या. अक्षदा मात्र फळीवरच्या रुळांकडे बघत राहिली.

हे यार्ड तिच्या जयवंत आजोबांचं होतं. मालगाडीच्या वाघिणी पुढेमागे करून गाडी जुळवायची, ते शंटिंगचं इंजिन त्यांनी तीस वर्षं चालवलं. निवृत्तीनंतर त्यांनी त्याच यार्डाचा नमुना प्लायवूडवर बांधायला घेतला. फेब्रुवारीत ते गेले आणि काम अर्धवट राहिलं. चिंचपोकळीच्या दोन खोल्यांत एवढी फळी किती दिवस ठेवणार, असं बाबा म्हणत होते. ती पूर्ण करायला अक्षदाला आणि तिच्या या दोन मित्रमैत्रिणींना सुट्टी संपेपर्यंतचीच सवलत मिळाली होती.

श्रेया आजोबांच्या नकाशावरून एकेक वस्तू ताडून बघत होती. सगळं जागच्या जागी होतं, फक्त वळणापाशी आखलेलं गोदाम फळीवर नव्हतं. उन्मेषला वाटलं, राहून गेलं असेल. पण आजोबांच्या सामानाच्या खोक्याच्या तळाशी ते कागदात गुंडाळलेलं सापडलं, दारंखिडक्या रंगवून अगदी तयार. तेव्हा अक्षदाला आठवलं, आजोबा ते हातात घेऊन बराच वेळ बसायचे आणि मग 'उद्या बघू' म्हणून परत ठेवून द्यायचे.

गुंडाळलेला कागद तिने उलगडला. चाळीस वर्षांपूर्वीच्या एका चौकशीचा तो अहवाल होता. रुळांचे सांधे बदलणारे सांधेवाले गुरुदत्त परब वाघिणी जोडताना त्यांच्यामध्ये सापडून गेले होते. इंजिनावर जयवंत होते. 'मयताने लाल झेंडा दाखवला नाही. चूक मयताची,' असं चौकशी करणाऱ्या साहेबांनी लिहिलं होतं. खाली आजोबांचा जबाब होता, एकाच ओळीचा: 'मला झेंडा दिसला नाही.'

अक्षदाने दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या.

"उन्मेष, दिसला नाही आणि दाखवला नाही, हे एकच का रे?"

श्रेयाने शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. 'जागेची पाहणी: आवश्यक वाटली नाही.'

गुरुदत्तांना उभं राहायला नेमून दिलेली जागा अहवालात पावलांच्या मापात दिली होती. आजोबांचा नकाशाही पावलांच्याच मापात होता. मुलांनी मोजून तिथे काडीचा माणूस उभा केला आणि त्याच्या हातात लाल दोरा बांधला. उन्मेषने फोनचा कॅमेरा इंजिनाच्या खिडकीशी धरला आणि इंजिनाबरोबर हळूहळू सरकवत नेला. दोरा सगळ्या वळणभर स्वच्छ दिसत होता. मग अक्षदाने गोदाम त्याच्या जागी ठेवलं. इंजिन पुन्हा निघालं आणि दोरा भिंतीआड गेला. तो दिसू लागला, तोवर वाघिणी एकमेकींना भिडलेल्या होत्या. पाच वेळा करून पाहिलं. पाचही वेळा तेच.

गोदाम लावूनही झेंडा दिसत असेल तर चूक आपली, ही धास्ती आजोबांनी जन्मभर बाळगली होती. म्हणूनच ते गोदाम लावायला धजावत नव्हते. अक्षदा भिंतीकडे तोंड करून रडली. श्रेया तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली.

संध्याकाळी बाबांनी तो व्हिडिओ पाहिला. मग म्हणाले की, आजोबा दरवर्षी एकदा रे रोडला एका घरी जाऊन येत. रविवारी बाबा मुलांना घेऊन तिथे गेले.

गुरुदत्त परबांच्या पत्नी शेवंतीआजी सत्तरी ओलांडलेल्या होत्या. अक्षदाने सगळं नीट सांगितलं आणि फोन त्यांच्या हातात दिला. आजींनी तो डोळ्यांजवळ धरला.

"म्हणजे झेंडा दाखवलेला त्यांनी?"

"दाखवला असेल, आजी. आमच्या आजोबांना दिसणं शक्यच नव्हतं."

आजींनी पदर डोळ्यांना लावला. नवरा स्वतःच्या हलगर्जीपणाने मेला, हे त्यांनी चाळीस वर्षं ऐकून घेतलं होतं. मुलालाही तेच ऐकवलं गेलं होतं.

"जयवंत यायचा, पण उंबऱ्याबाहेरच उभा राहायचा," त्या म्हणाल्या. "पाणीसुद्धा नाय घेतलं कधी. मला वाटायचं, माझा राग येत असेल त्याला."

बाबांनी मान खाली घातली. त्या दिवशी एकदा कोणी इंजिनावर चढून बघितलं असतं, तर दोन घरं वाचली असती, तुम्ही मुलांनी तेवढं तरी केलंत, असं ते म्हणाले. आजींनी तिघांच्याही गालांवरून हात फिरवला.

"शहाणी माझी पोरं," त्या म्हणाल्या. "बाय, परत लाव बघू. त्यांना नीट बघू दे मला."

अक्षदाने व्हिडिओ पुन्हा सुरू केला. भिंतीआडून काडीच्या माणसाच्या हातातला लाल दोरा दिसला, तिथे आजींनी तो थांबवायला सांगितला आणि बराच वेळ फोन तसाच धरून ठेवला.