पांढऱ्या चिखलाचा माग

"ओढा! अरे, ओढा!"

भिंगरी ओढतच होती. चिखलाने भरलेली बादली दोराला लटकून गुहेच्या विहिरीसारख्या तोंडातून वर येत होती. तिच्या मागे उभा असलेला काका मात्र ओढण्यापेक्षा बोलतच जास्त होता.

हा काका म्हणजे कुणी मिशीवाला मोठा माणूस नव्हे हं! तो भिंगरीचा धाकटा भाऊ, वय वर्षं नऊ. "का?" विचारायचं, उत्तर मिळालं की परत "का?" विचारायचं, म्हणून घरीदारी सगळे त्याला काका म्हणत. भिंगरीचं नावही असंच पडलेलं. बारा वर्षांची घोडी झाली तरी पाच मिनिटं एका जागी बसेल तर शपथ! दोघं सुट्टीत मावशीकडे आली होती. तिसरी वकील, मावशीच्या शेजारची. वय तेरा. वाद घालायला तिला विषयसुद्धा लागत नसे.

मावशी आठवडाभर दवाखान्यात नर्स आणि शनिवार-रविवार चिखलात. गुहा शोधणाऱ्या हौशी मंडळींची ती म्होरकी होती आणि गटातले सुतारमामा तिचा उजवा हात. या गुहेची आतली वाट कधीकाळी गाळाने बुजून गेली होती. पण गाळाच्या फटीतून गार वारा येत होता. म्हणजे पलीकडे नक्की काहीतरी होतं! तीन महिने सगळे ती वाट उकरत होते. फळ्या लावून छत सावरत, हेल्मेटवर एक आणि खिशात एक असे दोन दिवे घेऊन, आणि एकट्याने कधीच नाही. मुलांनी फक्त वर थांबून बादल्या ओढायच्या, असा कडक नियम होता.

इतक्यात वरच्या टेलिफोनची घंटा खणखणली. त्याची तार खाली वाटेच्या तोंडापर्यंत नेलेली होती. पोस्टमास्तर आजोबांनी रिसीव्हर उचलला. नोकरी संपल्यापासून ते गुहेच्या तोंडाशी खुर्ची टाकून कोण आत गेलं, कोण बाहेर आलं, ते लिहून ठेवत.

"वाट मोकळी झाली!" मावशीचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "सुतार आणि मी पोटावर सरपटत पलीकडे जाऊन येतो. सहाला बाहेर!"

"मावशी, मी येऊ?" भिंगरी रिसीव्हरवर झेपावलीच.

"चौदा पूर्ण झाली की ये. खुशाल ये!"

खट्ट! फोन बंद.

भिंगरीने एक दगड लाथाडला. मग दुसरा. मग आजोबांच्या खुर्चीभोवती सात फेऱ्या मारल्या.

"अगं, मला गरगरायला लागलं!" आजोबा म्हणाले. "जरा बूड टेक की!"

"आजोबा," काका बादलीत वाकून म्हणाला, "हा चिखल वरून पांढरा का?"

खरंच की! खाली लाल माती आणि वर दुधावरच्या सायीसारखा पांढराशुभ्र थर.

"असेल एखादा मातीचा थर," आजोबा म्हणाले.

"पण गेल्या शनिवारी आपण पांढरा सगळा काढला होता. आज परत आला. का?"

वकिलीणबाईंचे कान टवकारले. "मुद्दा बरोबर आहे! थर खाली सापडतो, आठवड्यात वरून येऊन बसत नाही. म्हणजे कुणीतरी आणून टाकतंय!"

भिंगरीने तो चिखल हातावर चोळला. वाळल्यावर त्याची पिठासारखी भुकटी झाली.

"हे मी पाहिलंय!" वकील ओरडली. "आमच्या स्वयंपाकघराचा ओटा बसवला ना, तेव्हा गवंड्याने पाणी सोडून फरशी कापली होती. अस्सा पांढरा काला वाहिला आणि मोरी तुंबली! बाबांनी दोन दिवस डोकं धरलं होतं."

तिघांनी एकदमच टेकडीकडे पाहिलं. टेकडीवर फरशीचा कारखाना होता. थेट गुहेच्या डोक्यावर!

"आजोबा, आम्ही कारखान्यापर्यंत जाऊन येतो!" भिंगरी पायवाटेला लागलीसुद्धा.

वर पोचेपर्यंत चार वाजून गेले होते. फाटक सताड उघडं होतं. आत करवतींचा कर्कश आवाज, सगळीकडे पांढरी धूळ, आणि मागच्या बाजूला माणसाच्या दुप्पट उंचीची लोखंडी टाकी. टाकीच्या बुडाशी नळाचं मोठं चाक, आणि त्या नळासमोर एक खड्डा. खड्ड्याच्या काठावर पांढरे ओघळ वाळलेले, पण आत पाण्याचा टिपूस नाही!

"ए पोरांनो! इथे काय काम आहे?" मुकादम डोक्याचा रुमाल झटकत आला.

"मुकादममामा, हा खड्डा भरत का नाही?" काकाने विचारलं.

मुकादम खूश झाला. "आहे की नाही गंमत? दर शनिवारी टाकी सोडतो, घटकाभरात सगळं गडप! जमीनच पिते. गाळ उपसायची कटकट नाही, ट्रॉली बोलवायला नको. आज तर टाकी काठोकाठ आहे. साडेचारला सोडतो. पाचला पाळी बदलली की मी उद्या सुट्टी घ्यायला मोकळा!"

भिंगरीने झर्रकन मागे वळून खाली गुहेकडे पाहिलं. आजवर टाकी सुटायची तेव्हा सगळे त्या वाटेच्या अलीकडे, वर चढायच्या तयारीत असत. आज मावशी आणि सुतारमामा पलीकडे होते! मध्ये होती पोटावर सरपटायची वाट. तेवढी टाकी त्या वाटेत उतरली तर...

"सोडू नका!" ती किंचाळली. "खाली गुहेत माणसं आहेत!"

"गुहा? कुठली गुहा? ती तिकडे खाली राहिली. इथल्या पाण्याचा तिच्याशी काय संबंध? चला, पळा! पोरांच्या खेळापायी काम थांबवू?"

तो चाकाकडे वळला. वकिलीने एकदा भिंगरीकडे पाहिलं, एकदा काकाकडे पाहिलं, आणि कमरेवर हात ठेवून खणखणीत आवाजात म्हणाली, "बघा हं! काकांनी टाकी सोडू नका म्हणून बजावलंय!"

मुकादमाचा हात थबकला. "काकांनी? मालकांच्या काकांनी?"

"काका म्हणजे काका! प्रश्न विचारून भंडावून सोडतात. तुम्हाला माहीत नाहीत?"

माहीत असावेत! मुकादमाचा चेहरा पडला. "थांबा, ऑफिसातून फोन लावून विचारतो," म्हणत तो लगबगीने गेला.

"तू आजोबांकडे पळ!" भिंगरी वकिलीला म्हणाली. "त्यांना मोबाइलवरून इथे फोन करायला सांग, नंबर फाटकावरच्या पाटीवर आहे!"

वकील बाणासारखी सुटली. भिंगरी चाकावर चढून बसली. पाय आऱ्यांत अडकवले, हातांनी नळ कवटाळला. तिला खरं तर गुहेकडे धावायचं होतं. शिडी उतरून, सरपटत जाऊन मावशीला ओरडून सांगायचं होतं. सगळं अंग शिवशिवत होतं. पण ती आत गेली असती तर अडकलेल्यांत आणखी एकीची भर! आणि इथे हे चाक कुणी राखलं असतं?

मुकादम तणतणत परत आला. "मालकांचे काका तर परगावी आहेत! कोण हे काका?"

"मी," काकाने हात वर केला.

"तू? मला फसवता? ऊठ गं! ऊठ तिथून!"

"नाही उठणार!"

"उचलून बाजूला ठेवीन!"

"ठेवा! मी परत बसेन!"

तो पुढे सरसावला. तेवढ्यात ऑफिसातला कारकून धावत आला. "मुकादम, फोन! कुणी पोस्टमास्तर आहेत. म्हणतात, टाकीला हात लावलात तर दोन माणसांचा जीव जाईल!"

मुकादम फोनवर गेला. परतला तेव्हा त्याचा चेहरा फरशीच्या भुकटीपेक्षा पांढरा होता.

"खाली फोन उचलत नाहीत म्हणे," तो पुटपुटला. "आणखी माणसांना बोलावलंय. पोरी, टाकी नाही सोडत मी. उतर आता."

"पाचला पाळी बदलते ना? नवीन माणसाने सवयीने चाक फिरवलं तर?"

मुकादमाने मान डोलावली. त्याने करवती बंद करायला लावल्या आणि स्वतः टाकीपाशी दगडावर बसला.

पाच वाजले. सव्वापाच. भिंगरीच्या नाकाला खाज आली, पाठीला कळ लागली. तिने दात-ओठ खाल्ले, पण हलली नाही. पाळीवर आलेला माणूस खरोखरच शीळ घालत चाकाकडे आला. मुकादमाने त्याला हाकललं. साडेपाच. पावणेसहा. काकाचे प्रश्नसुद्धा संपले होते! तो बहिणीचा गुडघा धरून उभा होता.

सहा वाजले. कुणीच आलं नाही.

सहा वाजून वीस मिनिटांनी फाटकातून वकिलीची आरोळी आली, "आले! दोघंही आले!"

तिच्यामागून मावशी धापा टाकत चढत होती. हेल्मेटपासून बुटांपर्यंत लाल चिखल, आणि छातीवर, कोपरांवर ओला पांढरा लेप.

"जाताना वाट कोरडी होती," ती मुकादमासमोर उभी राहून म्हणाली. "येताना वीतभर पांढरं पाणी! हनुवटी वर धरून आलो. म्हणून उशीर झाला. हे कुठून आलं?"

"करवतींचं..." मुकादम मान खाली घालून म्हणाला. "टाकी काठोकाठ भरली की करवती बंद करेपर्यंत थोडं पलीकडून सांडून जमिनीत जातं. टाकी तर अजून सोडलीच नव्हती."

मावशीने त्या उंच टाकीकडे बुडापासून काठापर्यंत पाहिलं आणि हेल्मेट काढून काखेत धरलं.

"चुकलो, बाई," मुकादम म्हणाला. "जमीन पिते म्हणत होतो. मी मघाशीच फोन करून मालकांना सांगितलंय. खड्डा बंद. गाळ बसवायला पक्के हौद बांधल्याशिवाय करवत फिरणार नाही. या पोरांनी मला वाचवलं. फसवलं, पण वाचवलं!"

"आणि हा प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारला?" वकील म्हणाली. "काकांनी!"

मुकादमाने काकाला चक्क हात जोडले.

"भिंगरे, उतर आता खाली," मावशी म्हणाली.

"नाही."

"अगं, सगळं मिटलं!"

"उतरता येत नाहीये!" भिंगरी रडवेली झाली. "पाय कधीचे झोपलेत!"

सगळे खो खो हसले. मावशीने तिला अलगद उचलून खाली ठेवलं आणि चिखलाच्या हातांनी तिचे पाय चोळू लागली.

"पलीकडे काय होतं गं?" भिंगरीने विचारलं.

"एवढं मोठं दालन की माझा दिवा छतापर्यंत पोचला नाही! मधून झरा वाहतोय." मावशीने तिचा दुसरा पाय चोळायला घेतला. "मी तुला खाली यायला नाही म्हटलं, तेव्हा वाटलं होतं की तू चोरून येशील."

"यावंसं वाटलं होतं. खूप!"

"माहीत आहे," मावशी म्हणाली. "दोन तास इथे बसलीस, हे आमच्या गटातल्या मोठमोठ्यांना जमलं नसतं, बाई!"

आणि भिंगरीच्या पायांना मुंग्या आल्या, तशी ती किंचाळत, हसत, एका पायावर साऱ्या आवारभर नाचू लागली.