उजवीकडे एक नजर

लाटस्वारीच्या, म्हणजे सर्फिंगच्या, जागतिक दौऱ्यावर त्या वर्षी ज्या ज्या मुली उतरल्या, त्या सगळ्या फळीवर दुर्वा कुबलसारख्याच उभ्या राहत. गुडघे तसेच वाकलेले, हात तसेच सैल. प्रेक्षक खूश होते. खुद्द दुर्वाला मात्र वीट आला होता. वय छत्तीस, गुडघे कुरकुरणारे, दर पंधरवड्याला नवा देश आणि नवं हॉटेल, आणि पाण्यात बघावं तिकडे आपणच. माणसाने कंटाळायचं तरी किती?

हे सगळं 'अंगवळणा'मुळे झालं होतं. सायकल एकदा आली की जन्मात विसरत नाही, कारण ती नुसत्या आठवणीत राहत नाही, लहान मेंदूत मुरते. ही मुरलेली सवय एका माणसातून टिपून दुसऱ्यात उतरवायची युक्ती डॉ. आश्लेषा गद्रे यांना सापडली आणि त्यांनी तिला घरगुती नाव दिलं, अंगवळण. महिनाभर रोज डोक्याला एक टोपी घालून पडून राहायचं, की दुसऱ्याचा दहा वर्षांचा सराव तुमच्या अंगात. दुर्वा तेव्हा लागोपाठ जगज्जेती होत होती, म्हणून टिपलं ते तिचं. तिनेही मान मिळाला म्हणून हो म्हटलं होतं.

त्या सवयीबरोबर तिची एक खोडही सगळ्यांच्या अंगात गेली. मोठी लाट स्वाराच्या डोक्यावरून वळते आणि तिचा बोगदा होतो. त्यातून सहीसलामत बाहेर पडलं तर खरे गुण. दुर्वा बाहेर पडायच्या आधी क्षणभर मान उजवीकडे वळवून मागे पाण्यात बघायची. परीक्षक त्याला शैली म्हणत, जाहिरातवाल्यांनी त्याची पोस्टरं लावली. आता सगळ्याच तसं बघत.

अंतिम फेरीचा किनारा खडकाळ होता. तिथली लाट इतकी झपकन मिटायची की नजर हटली की संपलंच. सरावातच एका मुलीने उजवीकडे पाहिलं आणि ती खडकावर आपटली. मानेखाली तिला काही जाणवेना. गद्रे मिळेल त्या विमानाने आल्या आणि थेट दुर्वाच्या खोलीवर गेल्या. मान वळवायची ती खोड दुर्वातून काढायची, असं त्यांचं म्हणणं होतं.

"मॅडम, त्यांच्यातलं काढा ना. माझं कशाला?"

"त्यांच्यातलं उसनं आहे, दुर्वा. एक धागा ओढला तर सगळं उसवेल. मूळ तुझ्यात आहे. तुझ्यातून तेवढं काढायचं, त्याला एक रात्र पुरते, तुला पुन्हा टिपायचं आणि मग सगळ्यांना नवं द्यायचं."

मग दुर्वाने पहिल्यांदाच कुणाला तरी कारण सांगितलं. मालवणच्या समुद्रात ती आणि धाकटा भाऊ रोहिदास एकाच लाटेवर होते. तो तिच्या उजवीकडे होता. लाट मिटली, ती वर आली, तो आला नाही. कोळ्यांनी जाळी टाकली, होड्या फिरवल्या, काही हाती लागलं नाही. तेव्हापासून तिची मान वळत होती.

"तो माझ्यातून जाईल?" तिने विचारलं.

गद्रे म्हणाल्या, आठवणीला धक्काही लागणार नाही, फक्त मान वळायची थांबेल. त्या खोटं बोलत नव्हत्या, त्यांना खरंच तसं वाटत होतं.

नाही म्हणावं तर आणखी कुणाची तरी मान मोडणार. आणि दुसरंही एक होतं, ज्याची दुर्वाला लाज वाटत होती: ती बघून बघून दमली होती. तिने टोपी घातली.

अंतिम फेरीत ती बोगद्यातून सरळ बाहेर पडली, नाकासमोर बघत, आणि पुन्हा एकदा जगज्जेती झाली. बाकीच्यांना नवं अंगवळण अजून मिळायचं होतं. त्या बिचाऱ्या जीव मुठीत धरून उतरल्या आणि तरीही उजवीकडे बघत राहिल्या. दुसरी आलेली इनेस ही पोर्तुगालची पोरगी, जेमतेम एकोणीस वर्षांची. बक्षीस समारंभ आटोपल्यावर ती दुर्वाजवळ वाळूत येऊन बसली. तिचं बोलणं कानातला दुभाषी मराठीत सांगत होता.

"तुम्ही आज बघितलं नाहीत," इनेस म्हणाली. "उजवीकडे कोण असतं? मी एकुलती एक आहे, माझं कुणी गेलेलं नाही. तरी तिथे बघताना जीव तुटतो."

"माझा भाऊ," दुर्वा म्हणाली. "बुडाला."

कुबलांच्या घरात हा शब्द आजवर कुणी उच्चारला नव्हता. कुणी विचारलंच तर आई म्हणे, "तो अजून येवचो आसा," आणि दुर्वाही तेच सांगत आली होती. आज तो शब्द गावाचं नाव सांगावं तसा सहज बाहेर पडला. दचकून तिने मनात चाचपून पाहिलं. रोहिदासचा चेहरा होता, हसणं होतं, त्याची निळी फळीसुद्धा होती. गद्रे म्हणाल्या तसं सगळं जागच्या जागी होतं. फक्त तो येईल असं वाटत नव्हतं. वाट बघणं मानेत होतं आणि ते गेलं होतं. तिला रडायला हवं होतं, पण रडू येईना.

इनेसच्या डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं. दुर्वाने तिला समजावलं, की पुढच्या आठवड्यापासून नवं अंगवळण मिळायला लागेल, मग हा त्रास नाही, धोकाही नाही.

इनेसने मान हलवली. ते घेणार नाही म्हणाली. जिवावर बेतेल, असं दुर्वाने पुन्हा पुन्हा सांगितलं, पण पोरगी उठून फळी उचलून उभी राहिली.

"तुम्ही बघणं थांबवलंत," ती म्हणाली. "त्याचं नाव तेवढं सांगा. दिसला तर हाक मारावी लागेल."